पत्र्याला विचारलं, दुखतंय का?

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू 'ठीक आहे' याच्यापलीकडे कधी काही कळवत नाहीस. वहिनींच्या गुडघ्यांची चौकशी मी परस्पर त्यांच्याकडेच करतो. आमच्याकडे सगळे मजेत. तुझी भावजय माझ्यावर रागावलेली आहे, पण तीही मजेतच आहे.

तुझं कार्ड मिळालं. "साइडकार शनिवारी भंगारवाला नेणार. विषय संपला. इकडे उकाडा आहे." दादा, उकाड्याचं मान्य, पण विषय संपलेला नाही. रविवारी सकाळी तू मोटारसायकल काढायचास, वहिनी शेजारच्या साइडकारमध्ये पर्स मांडीवर घेऊन बसायच्या आणि तुम्ही कुठेतरी जाऊन यायचात. (कुठे, ते विचारलं तर दोघं दोन गावांची नावं सांगायचात.) गुडघ्यांमुळे मागच्या सीटवर बसणं त्यांना जमत नाही, म्हणजे साइडकार गेली की ते रविवारही गेले. फाटकाच्या खांबाला धडकून तिचं नाक फाटल्यापासून (खांबच पुढे आला, हे तुझं म्हणणं मी मान्य करतो) तू मोटारसायकलला हात लावलेला नाहीस आणि जेवतानासुद्धा बोलत नाहीस, असं कळतं. मला ते बघवत नाही. तेव्हा हे पत्र संपेपर्यंत भंगारवाल्याला फाटकाबाहेरच उभा कर.

तर मी दवाखाना बंद ठेवून पत्रा ठोकायला शिकून आलो. हसून घे. माझा एक पेशंट आहे, बेकरीवाला. त्याच्या दाढेत औषध भरता भरता मी तुझ्या साइडकारचं रडगाणं गात होतो, आणि तो तोंडात कापूस असताना हातवारे करायला लागला. मला वाटलं कळ आली. कापूस काढल्यावर म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही आमच्या मेळाव्याला याच!" हा मेळावा हौशी लोकांचा. एका जुन्या गोदामात जमतात, वाळू भरलेल्या चामडी पिशव्या आणि मधे खळगा पाडलेले लाकडी ओंडके मांडतात आणि दिवसभर पत्र्याला बदडतात. कुणी स्कूटरचा मडगार्ड करतो, कुणी पेट्रोलची टाकी. एक पियानोचे सूर जुळवणारे गृहस्थ काय करत होते ते त्यांनाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, पण जे होत होतं ते फार गोल होत होतं. मी दातांचा डॉक्टर म्हटल्यावर सगळ्यांनी आधी ओठ मिटून घेतले.

पहिल्या दिवशी मला एक सपाट पत्रा आणि लाकडी हातोडा दिला. मी वाकलो, हातोडा उचलला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने पत्र्याला विचारलं, "दुखतंय का?" गोदामातले सगळे हातोडे थांबले. मग जी हसाहस झाली ती विचारू नकोस. दुसऱ्या दिवसापासून जो तो ठोकण्याआधी पत्र्याला विचारू लागला, आणि बेकरीवाला तर वर "नंतर चूळ भरा" असंही सांगायचा. पण दादा, गंमत अशी की पत्रा खरोखरच सांगतो. नरम असेपर्यंत आवाज बद्द येतो. मारत राहिलं की तो कडक होत जातो आणि आवाज चढतो. चढला की थांबायचं आणि त्याला तापवून पुन्हा नरम करायचं. नाही थांबलं तर तडकतो.

हे तापवणंही मोठं चमत्कारिक आहे. लोखंड लाल होतं; ॲल्युमिनियम होत नाही. तू चिडलास की आधी तुझे कान लाल होतात, म्हणून लहानपणी मला पळायला वेळ मिळायचा. हा धातू तशी सवलत देत नाही. मी लाल होण्याची वाट पाहत बसलो आणि माझा पत्रा खालच्या फरशीवर थेंबाथेंबाने पडला. मग कळलं की त्याला आधी साधा अंगाचा साबण फासायचा. साबण काळपट झाला की ज्योत बाजूला. हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? हात धुता धुता सुचलं असेल का? मी सगळ्यांना विचारलं, कुणालाच माहीत नाही. मला अजून चैन पडत नाही.

आणखी एक गोष्ट कळली, ती तुला ऐकवायलाच हवी. पत्रा ठोकला की तो वाढतो. वाढला की मावत नाही, आणि मावत नाही म्हणून कुठेतरी फुगतो. म्हणजे पोचा आला की तिथे मारत सुटायचं नसतं. कडेला चुण्या घालून त्या ठोकून जागच्या जागी जिरवायच्या असतात, म्हणजे वाढलेला पत्रा पुन्हा आखडतो. तेव्हा तू दोन दुपारी दात-ओठ खाऊन जो हातोडा चालवलास, त्यानेच नाकाला ते पोट आलं. फाटलं खांबामुळे, फुगलं तुझ्यामुळे. (कान लाल झाले असतील तर पाणी पिऊन ये.)

वेल्डिंग शिकवायला एक बाई होत्या. नोकरी प्रसूतिगृहात, हौस वेल्डिंगची. सगळे त्यांना सुईणबाई म्हणतात. या वेल्डिंगला एका हातात ज्योत, दुसऱ्या हातात भरायची तार आणि पायाखाली एक पॅडल असतं. पॅडल जितकं दाबाल तितका ताप. आता माझा पाय जन्मभर दात कोरायच्या यंत्राच्या पॅडलवर. त्याला अर्धवट दाबणं माहीतच नाही. जन्मभर लोकांची भोकं बुजवली आणि तिथे एका सकाळीत पत्र्याची चाळण केली. सुईणबाई कानाशी सांगत होत्या, "घाई नको... चमकायला लागलं बघा... आता तार... पाय हलका... हं, आता श्वास घ्या." श्वास मी खरोखरच घेतलेला नव्हता. मग एकदाची सांध जमली, एकावर एक टेकलेल्या नाण्यांसारखी, आणि मुखवट्याच्या आत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्योतीमुळे नव्हे.

पुढच्या सरावाला तिथे कुठल्याशा साइडकारचं फाटकं नाक पडलं होतं. मालक हजर नव्हता. रंग खरवडला तर निळ्याखाली पिवळा निघाला. (तुझ्या साइडकारलाही आधी पिवळाच होता ना? योगायोग असतात.) मी ती फाट सांधली, पोट बरंचसं जिरवलं, आणि टोकाशी पोचावं म्हणून आत शिरलो तो अडकलोच. शेवटी सुईणबाईंनी पाय धरून मला बाहेर ओढलं आणि "पायाळू!" असं जाहीर केलं. कमरेचं कारण ते.

सांगायचं इतकंच की फाटलेलं सांधता येतं, आणि ते मलासुद्धा येतं. वहिनींना नमस्कार. त्यांच्यावर चिडू नकोस. का, ते खाली आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. शनिवारी भंगारवाल्याला खुशाल येऊ दे. तुझ्या शेडमधल्या ताडपत्रीखाली दोन मोडक्या खुर्च्या आणि एक पिंप आहे. तू डोळे तपासायला गेला होतास त्या दुपारी साइडकार बेकरीवाल्याच्या टेम्पोतून इकडे आली. ताडपत्रीला आकार वहिनींनी दिला आणि त्याचं त्यांना फार कौतुक आहे.

आणखी एक. टोकाशी एक पोचा राहिलाय. एकाने आत उताणं पडून लोखंडी ठोकळा पत्र्याला टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने बाहेरून मारायचं, असं ते दोघांचं काम आहे. मी मावत नाही, बेकरीवाला तर नाहीच. तू मावतोस, वहिनींनी तू झोपलेला असताना टेपने माप घेऊन कळवलंय. तेव्हा मोटारसायकल काढ आणि ये. ठोकळा तू धर, हातोडा मी धरतो. प्रत्येक वेळी मारायच्या आधी विचारीन, दुखतंय का? पण दादा, या वेळी 'ठीक आहे' हे उत्तर चालणार नाही.