मुठीतली नोट

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण आज ही इथे परदेशात माझ्याकडे राहायला आली. लग्न झाल्यापासून मी कुठल्या ना कुठल्या साइटवर आणि ही घरी, असाच आमचा संसार चालला होता. सासूबाई याला पोस्टातला संसार म्हणतात. आता संपलं ते. सध्या हिला पाहुणी म्हणून राहायची परवानगी आहे. कायमच्या परवान्यासाठी अर्ज टाकलाय. सरकारी माणूस घर बघायला येणार, चार प्रश्न विचारणार, शिक्का मारणार. किरकोळ काम. मी आहे.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवलो. बिल सुट्ट्या पैशांसकट चुकतं केलं. निघालो तर वेटर आमच्या मागे दारापर्यंत आला. सगळं ठीक होतं ना, काही चुकलं का, असं विचारत होता. किती आपुलकी! आपल्याकडे बिल दिल्यावर वेटर ओळखही दाखवत नाही.

ही म्हणाली, त्याचा चेहरा बरा नव्हता. मी म्हटलं, लांबच्या प्रवासाने असं वाटतं.

८ मार्च, शनिवार

पुन्हा तेच हॉटेल. आज आपुलकी जरा कमी. पाण्याचा ग्लास असा आदळला की माझी बाही भिजली. बाकी टेबलांना ब्रेड आला, आम्हाला आला नाही. वेटर भिंतीला टेकून आमच्याकडेच बघत होता, हाताची घडी घालून. आम्ही जेवेपर्यंत एकदाही नजर हलवली नाही.

ही म्हणाली, इथे काहीतरी द्यायची पद्धत असेल, कोणाला तरी विचारा. मी म्हटलं, बिलात सगळं असतं. मी लिफ्टची ड्रॉइंग तपासतो. दाराच्या फटीत दोन मिलिमीटरचा फरक असला तर लांबून पकडतो. मला काय विचारायला लावतेस.

१० मार्च, सोमवार

ऑफिसात बाजूच्या टेबलावरच्या टकलूशी सहज गप्पा मारल्या. (विचारलं नाही. विषय निघाला.) तो म्हणाला, इथे टिप द्यावीच लागते. न देणं म्हणजे तोंडावर अपमान. आपली सेवा जो करतो त्याला द्यायची, गाजावाजा न करता. आणखीही बरंच सांगत होता, कोणाला द्यायची, कोणाला नाही, वगैरे. पण मला मुद्दा कळला होता, आणि जेवणाची सुट्टी संपत आली होती.

म्हणजे बक्षिसी. त्यात आपल्याला कोण शिकवणार? वडिलांनी आयुष्यभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, पण एक काम अडलं नाही. हात ओला तर मैतर भला, असं ते म्हणायचे.

१२ मार्च, बुधवार

तंत्र बसवलं. नोटेची चौपदरी घडी, तळहातात, अंगठ्याखाली. हस्तांदोलन करायचं आणि सुटताना घडी पलीकडे सोडायची. डोळे वर ठेवायचे. आरशासमोर सराव केला. पहिल्यांदा नोट बेसिनमध्ये पडली.

ही दारात येऊन काहीतरी सांगत होती. खालच्या मजल्यावरच्या आजी असं म्हणाल्या, तसं म्हणाल्या. रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसते, इथली भाषा शिकते. मी म्हटलं, नंतर सांग, आधी हात बसू दे. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.

१५ मार्च, शनिवार

यश. न्हावी खूश. टॅक्सीवाला खूश, उतरून दार उघडलं. हॉटेलातल्या वेटरचा हात हातात घेतला तेव्हा तो दचकला, पण नोट लागल्यावर खुलला. हिला खुर्ची ओढून दिली, ब्रेड दोनदा आणला.

इथले लोक साधे आहेत. किल्ली सापडली की सगळी कुलपं उघडतात. ऑफिसात नव्याने येणाऱ्यांसाठी याविषयी एक छोटं भाषण द्यावं म्हणतो.

१९ मार्च, बुधवार

हिच्या सामानाचं पार्सल आलं. मी घरी पोचायच्या आत खालच्या आजींनी ते जिन्याने वर आणून ठेवलं होतं. या वयात! ताबडतोब खाली गेलो. आजींनी दार उघडलं, हसल्या, हात पुढे केला. मी कार्यक्रम उरकला.

आजींनी मूठ उघडून नोट बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. भारावल्या असाव्यात.

२१ मार्च, शुक्रवार

आजी भारावलेल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हिलाही आज दुपारी दार उघडलं नाही.

मी शांतपणे विचार केला. निष्कर्ष एकच. कमी पडली. म्हातारं माणूस, दोन जिने, एवढं वजन, आणि मी न्हाव्याचा भाव लावला. चूक माझीच. यापुढे सढळ हाताने द्यायची.

ही म्हणाली, अहो, त्यांनी ते प्रेमाने केलं होतं. मी म्हटलं, प्रेमाचा भाव जास्तच असतो. ती दुसऱ्या खोलीत निघून गेली.

२२ मार्च, शनिवार

साहेबांनी दोघांना घरी जेवायला बोलावलं. महत्त्वाचं आहे. परवान्याचे लोक माझ्याबद्दल ऑफिसात फोन करून विचारणार, तो फोन साहेबच घेणार. साहेबीणबाईंनी स्वतः रांधलं, स्वतः वाढलं, हिच्याशी हळू हळू बोलून शब्द शिकवले. ही कधी नव्हे ती खळखळून हसत होती. इथल्या बालवाडीत हिला काम मिळेल असं त्या म्हणाल्या, परवाना झाला की लगेच. परतताना ही वाटभर बालवाडीचंच बोलत होती. मुलांना गाणी कुठली शिकवायची ते ठरवलंसुद्धा.

निघताना कपाच्या बशीखाली मोठी नोट सरकवून आलो. हिला सांगितलं नाही. उगाच हिशेब काढत बसली असती.

२४ मार्च, सोमवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच ठेवलं. आत आणखी एक बाई वही घेऊन बसल्या होत्या. टेबलाच्या मधोमध माझी नोट. साहेबांनी विचारलं, ही चुकून राहिली का? मी म्हटलं, छे छे, बाईंच्या स्वयंपाकासाठी. साहेबांनी पेन्सिलीच्या टोकाने नोट माझ्याकडे ढकलली. हात लावला नाही. वहीवाल्या बाई लिहीत होत्या.

परत केली, म्हणजे पुन्हा कमी पडली. साहेब आहेत, स्टेटस आहे.

टेबलावर आलो तर टकलू शेजाऱ्याशी बोलत होता, तो गप्प झाला. दिवसभर माझ्याकडे एकही ड्रॉइंग तपासायला आलं नाही. बरं झालं, जरा विश्रांती.

२८ मार्च, शुक्रवार

पाहणीची तारीख आली. पुढच्या गुरुवारी. हिने घर लखलखीत केलंय. पडदे धुतले, लग्नाचे फोटो भिंतीला लावले. इथली वाक्यं पाठ करत फिरते. आम्ही इथे एकत्र राहतो. मला इथे राहायला आवडतं. मला काम करायचं आहे. भाजी चिरतानासुद्धा तेच.

मला म्हणाली, त्या दिवशी तुम्ही फक्त नमस्कार करा आणि बसा. बाकी मी बोलते. मी हो म्हटलं. बायकांना धीर वाटतो.

बँकेत जाऊन आलो. कोऱ्या नोटा मागून घेतल्या.

३ एप्रिल, गुरुवार, दुपारी

पाहणी झाली. सविस्तर लिहितो, पुढे भाषणाला उपयोगी पडेल.

पाहणीवाल्या बाई वेळेवर आल्या. करड्या कोटातल्या, हसऱ्या. घर पाहिलं, कपाट उघडून दोघांचे कपडे पाहिले. हिने सगळी उत्तरं इथल्या भाषेत दिली, एकदाही अडखळली नाही. बाई म्हणाल्या, फार छान बोलता. फोटोंपाशी थांबून साडीचं कौतुक केलं. फॉर्म जवळजवळ भरत आणला होता. ही माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, हीच वेळ. एवढी चांगली सेवा आणि आपण कोरडे?

उठलो, हात पुढे केला, डोळे वर. हात जरा ओला होता, पण घडी बरोबर पलीकडे गेली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. घडी उलगडली, टेबलावर ठेवली. हे कशासाठी, असं विचारलं. आवाज तोच, फक्त हसू गेलेलं. मी म्हटलं, तुमच्या कामासाठी. त्यांनी तेच पुन्हा विचारलं. मी तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, आणि म्हटलं, कमी असेल तर मोकळेपणाने सांगा.

मग त्यांनी बॅगेतून पारदर्शक पिशवी काढली, पेन्सिलीने नोटा आत ढकलल्या, पिशवी चिकटवली, वेळ लिहिली आणि माझी सही घेतली. काय शिस्त आहे बघा. टिपेचीसुद्धा पावती! आपल्याकडे हे कधी येणार?

बाई गेल्या. फॉर्म पुरा न करताच. ऑफिसात करतील.

ही खुर्चीवरून उठलेली नाही. दिवा लावू का विचारलं तर दुपार आहे म्हणाली.

८ एप्रिल, मंगळवार

दोन माणसं इमारतीत येऊन गेली. आधी आजींकडे. मी जिन्यातून पाहिलं, आजी दारात उभ्या राहून त्यांच्याशी बोलत होत्या आणि मूठ उघडून मिटून दाखवत होत्या. नंतर ती माणसं आमच्या ऑफिसातही गेली, असं टकलू म्हणाला. कोणाशी बोलली ते त्याने सांगितलं नाही.

चौकशी म्हणजे चांगलंच लक्षण. सोयरीक जमायच्या आधी चार घरं विचारतातच.

हिने माळ्यावरची बॅग खाली काढली. मी विचारलं, कशाला? म्हणाली, झाडायला. झाडून झाली, तरी बॅग खालीच आहे. जाता येता पायाला लागते.

११ एप्रिल, शुक्रवार

परवान्याच्या कचेरीत बोलावलं. लांब बोळ, एकसारखी दारं, प्रत्येक दाराला बाहेरून मूठ पण आतून नाही. हिला एका खोलीत नेलं, मला दुसऱ्या. माझ्यासमोर दोघं. सभ्य होते. एवढंच विचारत राहिले की मी आणखी कोणाकोणाला पैसे दिले. मी सगळी यादी दिली. न्हावी, टॅक्सी, वेटर, आजी, साहेबीणबाई. लपवण्यासारखं काय आहे? ते एकमेकांकडे बघायचे आणि लिहायचे. निघताना सवयीने हात पुढे केला. दोघांनीही आपले हात टेबलाखाली घेतले.

मी माझा हात खिशात घातला. तिथे गारठा होता.

बसमध्ये हिला विचारलं, तू काय सांगितलंस? म्हणाली, खरं तेच. यांच्या मनात काही नसतं. यांना कळत नाही, आणि हे विचारत नाहीत.

मला राग आला. बाजू मांडायची सोडून नवऱ्याला बावळट ठरवलं. घरापर्यंत बोललो नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

निकाल लागला. हिच्या जबाबामुळे माझ्यावर खटला होणार नाही. तिथल्या माणसाने हे दोनदा सांगितलं, हिच्या जबाबामुळे. नाहीतर तुरुंग होता. साहेबांनीही नोकरी ठेवली.

अर्ज मात्र फेटाळला. पुन्हा अर्ज करायचा तर बराच काळ जावा लागेल, आणि तोवर हिला इथे राहता येणार नाही.

अपील करतो म्हटलं. चांगला वकील गाठतो, त्याला आधीच काहीतरी... ही फक्त माझ्याकडे बघत राहिली. मी वाक्य पुरं केलं नाही.

संध्याकाळी ती खाली आजींकडे गेली. दार उघडलं त्यांनी. खूप वेळाने आली तेव्हा डोळे सुजलेले होते. भिंतीवरचे फोटो काढायला लागली. मी म्हटलं, राहू देत. म्हणाली, मग एक ठेवते.

२७ एप्रिल, रविवार

विमानतळावर गेलो. हमालाने बॅगा गाडीवर चढवल्या, रांगेपर्यंत आणून दिल्या आणि थांबला. माझा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. द्यायची की नाही, मुठीतून की उघड, काही सुचेना. कोणीतरी बघतंय असं वाटायला लागलं. हमाल माझ्याकडे बघत होता.

हिने पर्स उघडली, त्याच्याशी दोन शब्द बोलली आणि सरळ त्याच्या हातावर नोट ठेवली. तो हसला, टोपीला हात लावून गेला.

मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणाली, आजींनी दुसऱ्याच आठवड्यात सगळं समजावलं होतं. मी सांगायला आले होते, तेव्हा तुम्ही आरशासमोर होता.

हे ती रागावून म्हणाली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. मग माझी कॉलर नीट केली, वेळेवर जेवत जा म्हणाली आणि आत गेली. वळून बघितलं, पण मधे एक उंच माणूस आला.

तिथून सरळ कोपऱ्यावरच्या हॉटेलात आलो. वेटरने सवयीने दोन मेन्यू ठेवले. मी एक परत केला. जेवण अर्धं टाकून उठलो. टिप बशीत ठेवली, द्यायची तेवढीच, द्यायची तशीच. दारापर्यंत पोचलो तर वेटर मागून आला. सगळं ठीक आहे ना, त्याने विचारलं. आज तर टिप दिली होती.

मी म्हटलं, नाही. त्याने जवळची खुर्ची ओढून दिली, मी बसलो.