परीक्षक क्रमांक सात यांचे नाव मानपत्रात घेण्याबाबत

प्रति,
मा. सचिव, गौरव समिती,
मध्य भारत मांसविज्ञान अध्यापक परिषद,
अकोला.

विषय : मानपत्राच्या मसुद्यात एका नावाची भर घालणेबाबत.
संदर्भ : आपले गेल्या पावसाळ्यातले पत्र, ज्याला मी उत्तर दिले नाही.

महोदय,

आपले वरील पत्र मला वेळेवर मिळाले होते. मांसविज्ञानाच्या अध्यापन-संशोधनातील कार्याबद्दल परिषद माझा सत्कार करू इच्छिते, तरी मानपत्राचा मसुदा तपासून संमती कळवावी, असे त्यात होते. ते आले त्या आठवड्यात माझी पत्नी शकुन रुग्णालयात होती. पुढे ती गेली. पत्र टेबलावर राहिले. मी सवयीने त्यावर कोमट पाण्याचा पेला ठेवत आलो, त्यामुळे शिक्क्यावर गोल डाग पडला आहे. मजकूर वाचता येतो.

१. मसुद्यात लिहिले आहे की, जून शेळीच्या चिवट मांसापासून मऊ कबाब करण्याची पद्धत मी ‘स्वतःच्या रसनेने’ पारखली. हे बरोबर नाही. ज्याने नमुना शिजवला त्याने त्याला गुण द्यायचे नसतात, कारण कुठल्या ताटलीत काय आहे हे त्याला ठाऊक असते. चाखणारे परीक्षक वेगळे असतात. त्यांना नावे नसतात, क्रमांक असतात. माझ्या प्रयोगांत क्रमांक सात ही माझी पत्नी होती.

२. ती साताऱ्याच्या अशा घरातली, जिथे अंडेही येत नसे. लग्नानंतर कोलकात्यात एकदा ती माझा विसरलेला डबा घेऊन कॉलेजात आली. एक परीक्षक कमी होता, म्हणून बसली. इतरांनी भरभरून गुण दिलेल्या नमुन्यापुढे तिने ‘तेल शिळे’ असे लिहिले. पुढे तो नमुना खवट निघाला. तिची जीभ या चवीला सरावलेली नव्हती, त्यामुळे बिघाड तिला आधी कळे. मग ती माझ्या निवृत्तीपर्यंत येत राहिली. दोन घासांमध्ये कोमट पाण्याने चूळ भरायची आणि चिमूटभर मुरी, म्हणजे इकडचे चुरमुरे, खायची, एवढेच तिला मिळे. एकदा तिने माझ्या सर्वांत लाडक्या पाककृतीला आठांपैकी दोन गुण दिले आणि संध्याकाळी, मी गप्प का, म्हणून विचारले. कुठल्या ताटलीत काय होते हे परीक्षकाला कळू द्यायचे नसते, या नियमामुळे मला सांगता आले नाही. माझ्या आईची शेवटपर्यंत समजूत होती की सून कॉलेजात शिवणाचा वर्ग घेते. घरात एक पोलकेही शिवले गेले नाही, तरी आईने विचारले नाही.

३. तिचे नाव मानपत्रात वाचले जावे, एवढीच माझी विनंती आहे. अडचण अशी की परिषदेच्या नियमाप्रमाणे परीक्षकाचे नाव त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. तो नियम करणाऱ्या समितीत मी होतो. आता संशोधक म्हणून संमती मागणारा मी आणि वारस म्हणून देणाराही मीच. हे कितपत ग्राह्य आहे, मला कळत नाही. दोन्ही कागद जोडले आहेत.

तोंडी संमती मिळाली होती, असे मी म्हणू शकतो, पण साक्षीदार नाही. रुग्णालयात तिला सूप दिले. एक चमचा घेऊन ती म्हणाली, “पोत चार, चव दोन. लिहून घ्या. परीक्षक शकुन मोघे.” मी म्हणालो, “क्रमांक सांगायचा असतो.” त्यावर ती हसली.

४. तिचे भाऊ श्री. रमेश यांना मी हा बेत कळवला. त्यांनी फोनवर सांगितले, “भाऊजी, ताईचं नाव त्या व्यासपीठावर नको. आमच्याकडे अजून लग्नं व्हायची आहेत.” त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. मी नेहमीप्रमाणे ‘बघतो’ म्हणालो. बघून झाले आहे. नाव घ्यावे.

ते शक्य नसल्यास मानपत्र ‘परीक्षक क्रमांक सात’ यांना द्यावे. मी ते न्यायला येईन. तेही शक्य नसल्यास सत्कार रद्द करावा, माझी तक्रार नाही. भोजन शाकाहारी ठेवले आहे, ते मला चालेल. मात्र एका ताटलीत ते कबाब, क्रमांक घालून, ठेवता आले तर पाहावे. शेजारी कोमट पाणी असावे.

उत्तरास उशीर झाला, तसा आपल्याकडूनही झाला तरी चालेल.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
चंद्रकांत गोविंद मोघे
भवानीपूर, कोलकाता
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : संमतिपत्र (मागणीचे व दिल्याचे), मृत्युदाखल्याची प्रत.

ता.क. : पाकिटावर तिकीट लावताना डिंक जिभेला लागला. त्याला किती गुण द्यावेत, मला ठरवता आले नाही. हे टपाल कचेरीच्या फळीवर उभ्याने लिहीत आहे. आता पाकीट बंद करून पेटीत टाकतो.