ओढ्याचा भागधारक

खालापूर, ५ ऑगस्ट २०२४

चि. दशरथ यास विमलताईचे अ. उ. आ.

पेपरातला तुझा फोटो पाहिला. शेअरबाजारातला जाणता गुंतवणूकदार म्हणून केवढं कौतुक, आणि शर्टाची कॉलर उसवलेली! मोहोपाड्याच्या कारखान्यात स्टोअरला होतास तेव्हाही असाच. सुट्टीत दुसऱ्या कंपन्यांच्या फाटकाबाहेर उभा राहून भरलेले टेंपो मोजायचास, कुणाचा माल जास्त खपतो ते कळावं म्हणून. बाबांना वाटायचं, पोराला नोकरी बदलायचीय. पगारातून थोडे थोडे शेअर घ्यायचास. बाजार पडला की लोक विकून मोकळे व्हायचे, तू मात्र गाढ झोपायचास. आता माझी सून, हर्षला, रोज विचारते, मामा कुठले शेअर घेतात, काय घेतात? मी सांगते, बिनसाखरेचा चहा.

एक गोष्ट फोनवर सांगवेना. डोंगरातल्या वाडीवरची सोमी रानभाजी घेऊन आली होती. पाऊस कोसळला की रंगाचा कारखाना ओढ्यात काहीबाही सोडतो, पोरांच्या पायांना फोड आलेत, म्हणाली. त्या कंपनीत तुझा मोठा हिस्सा आहे, हे तिला ठाऊक नाही. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

वेळेवर जेवत जा, एवढंच मागणं.

तुझी ताई

मुलुंड, २४ ऑगस्ट

ती. विमलताईस दशरथचा शि. सा. न.

मंगळवारी येऊन गेलो, तुझ्याकडे आलो नाही, रागावू नकोस. सोमी आणि तिचा नवरा चांगो यांच्यासोबत ओढ्यावर गेलो. पाणी तांबूस, वास नोकरीच्या दिवसांपासून ओळखीचा. मी कोण, हे त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

कारखान्यात मॅनेजरांनी काजू पुढे केले आणि सगळे दाखले व्यवस्थित असल्याचं सांगितलं. आमच्या साईराजचं म्हणणं, बाबा, गवगवा न करता विकून बाहेर पडा. व्यवहार म्हणून मुलाचं बरोबर आहे. पण मी विकले तर शेअर दुसऱ्याच्या नावावर जातील आणि पाणी तसंच राहील. शिवाय ही कंपनी चांगली, असं मीच वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो. भागधारकांच्या सभेत आजवर कधी बोललो नाही. यंदा बोलणार आहे.

तुझा हात डोक्यावर असू दे.

दशरथ

खालापूर, ३ ऑक्टोबर

चि. दशरथ यास अ. उ. आ.

सभेतला तुझा व्हिडिओ हर्षलाने दाखवला. ओढा कधी पाहिलात, असं तू अध्यक्षांना विचारलंस, तर त्यांना ओढा आहे हेच माहीत नव्हतं. मला रडू आलं.

पण दुसऱ्या दिवशी शेअर कोसळला आणि रिक्षावाला विठू अंगणात येऊन ओरडला, तुमच्या भावानं आपल्याच घराला आग लावली, त्यात आमी पण जळलो. तुझ्या नावावर भरवसा ठेवून त्याने शेअर घेतले होते. त्याला बसवून घावणे वाढले. तू केलंस ते योग्यच, तरी विठूचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

काळजी करणारी,
ताई

मुलुंड, १८ जानेवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न.

अखेर बाकीचे मोठे भागधारक माझ्या बाजूने आले. अध्यक्षांना पद सोडावं लागलं. ओढ्यात घाण सोडणारा विभाग बंद ठेवून सांडपाणी शुद्ध करायची नवी यंत्रणा बसवली, ती आता चालू झाली. शेअर मात्र वर आलेला नाही. एवढा फटका मला आयुष्यात बसला नव्हता. म्हाताऱ्याचा अंदाज चुकला, असं पेपरवाले लिहितात. लिहू देत.

विठूला जाऊन भेटलो. आधी का नाय सांगितलंत, हेच तो विचारत राहिला. तसं एकट्याला सांगणं कायद्यात बसत नाही, हे त्याला पटलं नाही, मलाही नीट पटवता आलं नाही. त्याने शेअर ठेवायचं ठरवलंय. पुढच्या रविवारी, २६ तारखेला, वाडीवर जाऊन मी कोण ते सांगणार आहे. तू बरोबर येशील का?

लोभाचा हक्कदार,
दशरथ

खालापूर, २८ जानेवारी

चि. दशरथ यास अ. उ. आ.

रविवारपासून गुडघे दुखताहेत, पण वाडीवर आले ते बरं झालं. त्या कारखान्यात माझाही वाटा आहे, असं तू म्हणालास तेव्हा सोमी उठून आत गेली. मला वाटलं, आता चालायला लागावं. पण चांगोने तुला बजावलं की मालक हायेस तर दर पावसाळ्यात येऊन पाणी बघून जायचं, आमच्या सांगण्याची वाट बघायची नाय. तू मान डोलावलीस, तेव्हा कुठे सोमी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

आजवर तुला पुष्कळांनी हार घातले, दशरथ. पण तुला कामाला लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. पावसाळ्यात माझ्याकडेच उतरायचं.

तुझी ताई