हाकेला ओ

इमाबारी,
९ ऑक्टोबर १९९१

चि. इवाओ यास ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे संत्र्यांना रंग चढायला लागलाय. तिकडे हाकोदातेला तू एव्हाना स्टोव्ह पेटवला असशील. तू पाठवलेली सुकी माकूल मासळी पोचली. दातांनी केव्हाच हात टेकले, पण चव काही सोडवत नाही.

तुझा फोन आला की कायो मी झोपलेय म्हणून सांगते, त्यावरून तू फुगलायस म्हणे. खरं काय ते लिहिते. उन्हाळ्यापासून माझा आवाज बसलाय तो उठतच नाही. डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे मला बाहेर बसवलं आणि कायोला आत बोलावलं. बाहेर येऊन ती म्हणाली, साधी गाठ आहे. नाक लालभडक! पोटची पोर खोटं बोलतेय हे मला कळत नाही होय? घरी येऊन दटावलं तेव्हा रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली. कॅन्सर आहे. स्वरयंत्र काढलं तर मी जगेन, पण आवाज कायमचा जाईल.

मी नाही म्हणून सांगितलंय. आमच्या गायनमंडळाचं शेवटचं गाणं तुला ठाऊक आहे, मंडळ चालवणाऱ्या हिराओकाबाईंनी बांधलेलं. तांदूळ धुतले, कपडे वाळत घातले, खिडकीत ऊन आलं, जगणं एवढंच आहे आणि एवढं पुरतं, असं काहीबाही. शेवटी सगळ्याजणी मिळून हाक मारतात, आहेस का गं? आणि मी एकटी ओ देते. हे गेल्यावर माझा आवाज गेला तो त्या एका ओपाशीच परत आला, इवाओ. आता तोच कापून टाकायचा आणि वर जगणं किती छान म्हणून गाणं गायचं? मला नाही जमायचं ते थोतांड.

कायोची बाजू घेऊन लिहू नकोस. पायमोजे लोकरीचेच घाल. आपली माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
मित्सुए

हाकोदाते,
१६ ऑक्टोबर १९९१

ती. ताईच्या चरणी इवाओचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि जेवण तसंच राहिलं. मी कायोची बाजू घेत नाही. माझीच घेतो.

तुझ्या त्या गाण्यात तांदूळ धुवायचे आहेत. त्याला आवाज लागतो? कपडे वाळत घालायला लागतो? उन्हाला तर तू आजवर हाक मारलेली मला आठवत नाही. आख्ख्या गाण्यात एक ओ काय ती तुझी, आणि तेवढ्यासाठी तू बाकीचं सगळं गाणं टाकून निघालीस? काय म्हणावं तुला!

आता एक सांगतो, हसू नकोस. शाळेत असताना वर्गावर्गांची समूहगानाची स्पर्धा असायची. माझा सूर कसा आहे ते तू जाणतेसच, मांजरसुद्धा उठून जातं. मास्तरांनी मला बाजूला घेऊन, अगदी प्रेमाने सांगितलं की तू नुसतं तोंड हलव. आमच्याकडे प्रत्येक वर्गात असा एखादा असतोच, त्यामुळे वाईट वाटून घ्यायचीही सोय नव्हती. मी तोंड हलवलं. पण गंमत अशी की आजूबाजूची पोरं गायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. छातीत सगळं गाणं वाजत होतं. पुढे लग्नात, कारखान्याच्या सहलीत, सगळीकडे मी तोंडच हलवत आलो. जन्मभर मुक्याने गातोय मी, ताई. आणि शपथेवर सांगतो, गाणं मला एकदाही कमी पडलं नाही.

आई-बाबा गेले. भावजी गेले. मला नावं ठेवणारं तू एक माणूस उरलीयस. मला भीती वाटते गं. आवाज नसेल तर लिहून शिव्या दे, पण दे. जाऊ नकोस.

ऑपरेशनला ये म्हणालीस तर येतो, नको म्हणालीस तरी येतो. रागावलीस तरी आशीर्वादात खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
इवाओ

इमाबारी,
४ नोव्हेंबर १९९१

चि. इवाओ यास अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुला भरपूर शिव्या घातल्या, घोगऱ्या आवाजात का होईना. मास्तरांनी तोंड हलवायला सांगितलं हे तू घरी कधी बोलला नाहीस. मी तुझी ताई आणि मला पत्ता नाही. त्या मास्तरांना जाऊन चांगलं सुनावलं असतं. मग वाटलं, अजून एवढं भांडायचं राहिलंय म्हणजे आपल्याला काही जायचं नाहीये.

उद्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात जातेय. आज संध्याकाळी कायोला म्हटलं, पलीकडच्या खोलीतून मला हाक मार. तिने आई म्हणून हाक मारली, मी ओ दिली. पुन्हा मार म्हटलं. पुन्हा दिली. शेवटी तिलाच हाक मारवेना. आवाज फाटका होता, पण सगळा वापरून घेतला.

आता ये. तुझं येणं मला हवंय, हे लिहून ठेवते, नंतर बोलता यायचं नाही.

तुझीच,
ताई

हाकोदाते,
२८ एप्रिल १९९२

ती. ताईस सा. न. कोणत्या तोंडाने लिहू, वि. वि.

तुला न भेटता तुमच्या गायनमंडळाच्या कार्यक्रमातून पळून आलो. रात्रीची आगगाडी धरली आणि घर येईपर्यंत मान वर केली नाही.

तू दुसऱ्या रांगेत उभी होतीस. गळ्याशी निळा रुमाल, ओठ हलत होते, चेहरा असा की मला वाटलं, ही तर माझ्याहून छान गातेय. मग ती हाक आली, आहेस का गं? आणि सगळं सामसूम. कुणीच ओ देईना. मला वाटलं, तुझ्या जागी दुसरीला उभं करायचं या बायका विसरल्या आणि आता माझी ताई सगळ्यांदेखत खाली मान घालून उभी राहणार. पुढे काय झालं ते मला कळलंच नाही. माझ्या तोंडून ओ निघाली. केवढ्याने! आणि सूर तर देवाला ठाऊक.

सगळं सभागृह वळून बघत होतं. हिराओकाबाईंचा हात तसाच हवेत. मी तुझं गाणं नासवलं. माफ कर म्हणायलाही जीभ रेटत नाही. मला टाकू मात्र नकोस.

तुझा करंटा भाऊ,
इवाओ

इमाबारी,
५ मे १९९२

चि. इवाओ यास, कान धरून, अनेक आशीर्वाद. वि. वि.

अरे वेड्या, कुणी विसरलं नव्हतं. ती जागा बाईंनी मुद्दाम मोकळी ठेवली होती. माझी जागा दुसरीला द्यायला एकजणही तयार होईना, म्हणून हाक मारायची आणि तेवढा वेळ गप्प राहायचं असं ठरलं. तालमीत दर वेळी त्या गप्पपणात बायका डोळे पुसायच्या. मी तुला कळवलं नाही, कारण तू तिथे बसून रडशील असं वाटलं.

त्या दिवशीही सगळ्याजणी रडायच्या बेतात होत्या. मी मात्र आतून कोरडीठाक होते. हे सगळे मला जिवंतपणी निरोप देताहेत, असं वाटत होतं. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून तुझी ती रेकल्यासारखी ओ!

इवाओ, मी हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. आवाज काहीच नाही, गळ्याच्या भोकातून नुसती हवा फसाफसा, खांदे गदगदा, डोळ्यांतून पाणी. माझ्याकडे बघून पुढची रांग हसली, मग बाई, मग सभागृह. गाणं कधी संपलं कुणालाच कळलं नाही. रडायला आणलेले रुमाल हसण्यात भिजले. मी दारापर्यंत धावले तुला धरायला, पण तुला हाक मारायची तरी कशी? आणि तू तर पार स्टेशनावर!

बाई विचारत होत्या, कोण तो? मी पाटीवर लिहून दिलं, माझा धाकटा भाऊ. तेव्हा त्यांनी शरदातल्या कार्यक्रमाचा कागद काढला. ती जागा त्यांनी पुन्हा मोकळी ठेवलीय, या खेपेला तुझ्यासाठी.

तेव्हा पळून जाऊ नकोस. लोकरीचा कोट आण, समुद्रावरचा वारा बोचतो. आणि हे बघ, तोपर्यंत सूर सुधारायच्या भानगडीत पडू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई