मॅकरोनी वेगळी ठेवावी

प्रिय कुशल,

आधी माझी तक्रार नोंदवून घे. इटली या राष्ट्राविरुद्ध. त्यांनी शोधलेलं सूप काल मी नव्वद माणसांना वाढलं आणि तेव्हापासून माझा उजवा खांदा कानाशी गुजगोष्टी करतो आहे. अक्षर वाकडं दिसेल, त्याला जबाबदार तो देश. त्यांच्या वकिलातीचा पत्ता मिळाला नाही, तुझ्या बोरिवलीच्या खोलीचा मिळाला. जहाजावरून सुट्टीला तिथवर येतोस, पण श्रीवर्धनला येत नाहीस, हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे. का येत नाहीस, ते फक्त आपल्या दोघांना.

काल आळीनं किनारा साफ केला. दुपारचं जेवण आपल्याकडे होतं आणि सकाळीच आचारी तापानं आडवा झाला. त्यावर मी दोन खुसखुशीत वाक्यं टाकली, तर तुझी श्यामलावहिनी म्हणाली, "तोंड चालतंय तेवढे हात चालवा," आणि कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे आपटला. तुझ्या अक्षरातला, या सुपाच्या कृतीचा. सहा वर्षं तिनं जपला होता, मला न सांगता.

आचाऱ्याच्या बिरड्यासाठी वाल मोड आणून, सोलून तयार होतेच. तुझ्या राजम्याच्या जागी तेच घेतले. कांदा, लसूण, गाजर, दहा किलो टोमॅटो. बेसिल म्हणजे तुळशीचीच बहीण ना, असं म्हणून मी अंगणाकडे वळलो, तर वहिनीनं वृंदावनाकडे बघूसुद्धा दिलं नाही, कोथिंबिरीवर भागवलं. बागेत कामाला येणाऱ्या आवडाबाई पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "ही आमटी हाय का रंगपंचमी?"

मग कागदावरची शेवटची ओळ आली. 'मॅकरोनी वेगळी उकडून ठेवावी. वाढताना वाटीत घालून वर गरम सूप ओतावं. आधी पातेल्यात टाकू नये. दादाला बजावणे.' खाली दोन रेघा.

तू बजावलंही होतंस. सहा वर्षांपूर्वी पडवीत खाणावळ काढायची म्हणून तू साठ जणांना चव बघायला बोलावलं होतंस. तू आंघोळीला गेलास आणि मला ती दोन-दोन भांडी म्हणजे जहाजावरचे नखरे वाटले. वरणफळांसारखं शिजेल म्हणत सगळी मॅकरोनी मी पातेल्यात ओतली. पाहुणे तासाभरानं आले. तोवर मॅकरोनीनं सगळं सूप पिऊन टाकलं होतं. पातेल्यात डाव सोडला तरी उभा राहत होता. तू पातेल्यात पाहिलंस, मग माझ्याकडे. लोक हसले, तू वाढत राहिलास, माझं नाव घेतलं नाहीस. मी काय केलं? मीही हसलो. वर साप्ताहिकातल्या माझ्या सदरात 'इटलीची खळ' असा लेख लिहिला. लोकांना फार आवडला. आठवड्याभरात तू जहाजावर परत गेलास.

काल मॅकरोनी वेगळी ठेवली. लोक वाट्या घेऊन पुन्हा पुन्हा येत होते. तिसऱ्या वाटीला आवडाबाई म्हणाल्या, "कुशलभाऊंना बोलवा की! खानावल काडनार व्हते ना?" मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, त्याला कुठं जमलं होतं?" आणि पुन्हा तेच हसू.

मी डाव खाली ठेवला आणि तेव्हा सूप कुणी बिघडवलं ते सांगून टाकलं. नव्वद माणसांसमोर, एकही विनोद न करता. मग आवडाबाई म्हणाल्या, "मंग आता त्याला बोलवायला काय हरकत हाय?" वहिनीनं एक वाटी भरून माझ्या हातात दिली. इतकं चांगलं लागतं हे मला सहा वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. या आठवड्याच्या सदरातही हेच छापायला दिलं आहे, माझ्या नावासकट.

फोन करणार होतो. पण फोनवर मी हे हसण्यावारी नेलं असतं, म्हणून कागद घेतला. कुशल, तुझं काही चुकलं नव्हतं. चुकलो मी. मला माफ कर.

तुझाच,
अनंतदादा