हरेल तिनं चहा करायचा

केलगेरी, धारवाड

प्रिय शालिनी,

काल फोनवर तुझं सगळं ऐकून घेतलं, माझं बोलायचं राहिलं. हल्ली संध्याकाळपर्यंत मी इतकी थकते की शब्दच सुचत नाहीत. म्हणून सकाळीच लिहायला बसले.

तुझ्या स्मृतीचा फर्स्ट क्लास गेला, खरं आहे. तेवढ्यासाठी तिचं एम.ए. अर्ध्यावर सोडवून तिला सांगलीला परत नेणार म्हणतेस. माझ्याकडे राहायला आली तेव्हा ती आपल्यासारखाच अभ्यास करायची गं. हातात सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स आणि पहाटे गच्चीवर येरझाऱ्या. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरसमोर आपण डोळे मिटून उत्तरं म्हणायचो, अगदी स्वल्पविरामासकट, तशी. ऐकून मला भरून यायचं. मग तिच्या वर्गातली दीपाली इथं यायला लागली. धडा वाचला की पुस्तक मिटायचं. एकीनं लेखकाची बाजू घ्यायची, दुसरीनं ती खोडून काढायची, आणि हरेल तिनं चहा करायचा. एकदा शेजारच्या अनसूयाबाई भांडण सोडवायला म्हणून धावत आल्या, आणि चहा पिऊन गेल्या.

इतिहासाच्या पेपरात तिनं लिहिलं, गावं ओस पडण्याला दुष्काळ एवढंच कारण पुरत नाही. पाऊस बरा झाला तिथलीही माणसं गाव सोडून गेली, ती का? तपासणाऱ्यांना नोट्समधलेच मुद्दे हवे होते. ती रडली. पण पुन्हा पाठ करायला गच्चीवर गेली नाही. पुढच्या वर्षी मार्क पडतील, असं वचन मी तुला देऊ शकत नाही.

हे गेल्यापासून मला कुणी खोडून काढत नाही. दूधवाला, औषधाच्या दुकानातला, सगळे ‘हौद्री अक्का’, होय हो ताई, म्हणून मोकळे होतात. किरणसुद्धा बेंगळुरूहून ‘बरं आई’ म्हणतो आणि फोन ठेवतो. आज नाश्त्याला मी स्मृतीला म्हटलं, आई म्हणते तर जा बाई, तिचंच बरोबर असेल. बशीवरून मान वर करून तिनं विचारलं, “मावशी, तुम्हांला स्वतःला हे पटतंय का?”

नाही पटत, शालिनी. तिच्यासाठी म्हणून लिहायला घेतलं, पण हे मागणं माझंही आहे. तिला इथं राहू दे.

तुझीच, दमलेली,
हेमा