ओट्यापर्यंत उतरलेली कपाटं

४ जून १९७३
सॉल्ट लेकच्या घराचं लाकूडकाम सुरू. हरिपद मिस्त्री स्वयंपाकघराची मापं घ्यायला आला. म्हटलं, भिंतीवरची कपाटं थेट ओट्याला टेकवायची. मधे वीतभरही मोकळं नको. शेगडीची जागा आणि शेजारी एक पोळपाट मावेल इतकंच उघडं. त्याने पेन्सिल कानामागे खोचून बंगालीत विचारलं, "बौदी, रान्ना होबे कोथाय?"
शेगडीवर. आणखी कुठे होतो स्वयंपाक?

७ जून
चहाच्या वेळी ह्यांना नकाशा दाखवला. कारणं सांगितली. एक, तिथे वाळू उडते, उघड्या ओट्यावर रोज थर. दोन, वरच्या फळीला माझा हात पोचत नाही. दोन्ही खरी.
चष्मा कपाळावर सरकवून नकाशा जवळ ओढला. "आणि दहा बायका उभ्या कुठे राहणार?"
बत्तीस वर्षांचा संसार. माणूस ओळखतो.

९ जून
तिसरं कारण निदान इथे तरी लिहावं. भवानीपूरच्या ह्या भाड्याच्या घरातला ओटा बारा फुटी, म्हणून एकोणीस वर्षं इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे मोदक आमच्याकडे. बायका पहाटे येतात, दुपार उलटेपर्यंत असतात. तयारीचे चार दिवस आधी, आवराआवरीचे दोन नंतर. सगळ्या भल्या, कामाला वाघ. पण दिवाळी अंकाचे लेख टपालात पडायचे ते ह्याच दिवसांत. ऑफिसात बातमीच्या टेबलावर माझी एक ओळ कधी उशिरा गेली नाही. स्वतःचा लेख मात्र दर वर्षी धावतपळत, आणि गेल्या वर्षी पोचलाच नाही. संपादकांचं कार्ड आलं, अंक छपाईला गेला, पुढल्या वर्षी पाहू. कार्ड कोणाला दाखवलं नाही.
नव्या घरात ओटाच नसेल तर...

२० जून
कुसुमताई आल्या होत्या. मंडळ म्हणजे त्याच. सत्तरीच्या, अजून नऊवारी, आवाज खणखणीत. नकाशा टेबलावर होता.
"हे काय गं? ओट्यावर कपाट ठेवलंय की कपाटाखाली ओटा पुरलाय?"
"झुरळं फार होतात हो, ताई."
"दारं लावली की झुरळं बेल वाजवून येतात वाटतं!"
मी हसले. नकाशा गुंडाळून ठेवला. बदलला नाही.

७ जुलै
ऑफिस सुटल्यावर एस्प्लनेडहून तडक साइटवर. कपाटं चढलेली, पण ओट्यापासून चांगली दीड फूट वर! हरिपद घाम पुसत म्हणाला, "आपकी सास आयी थीं, टॅक्सी में. वही बोलीं, ऊपर करो."
सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. नऊवारी नेसून मराठीत दरडावणारी म्हातारी, म्हणजे बौदीची, त्याच्या वहिनीची, सासू असणार, असा बिचाऱ्याचा हिशेब.
"सास नहीं है. और होती तो भी, नीचे करो."
भिंतीला भोकं पडली ती पडली. खिळे निघेपर्यंत तिथून हलले नाही.

२६ जुलै
राहायला आलो. कपाटं ओट्यावर टेकलेली, एका रेषेत. दार उघडलं की डबे समोर. जड डबा उचलावा लागत नाही, पुढे ओढला की झालं. टाच उंच करावी लागत नाही. फार सुरेख झालंय, आणि हे कारण नंबर दोनबद्दल आहे.

१२ ऑगस्ट
मंडळाच्या पाचजणी घर बघायला. स्वयंपाकघराच्या दारातच सगळ्या अडल्या. नागपूरहून बदलून आलेली सुधा, बँकेतल्या देवांची बायको, उगाच एक दार उघडून मिटत राहिली.
कुसुमताईंनी पदर खोचला आणि सरळ जमिनीवर मांडी घातली. "ऐसपैस आहे की! खाली बसून करू. इथल्या बंगाली बायका जन्मभर खाली बसूनच चिरतात ना?"
सगळ्या हसल्या. पाच मिनिटांत नारळ, गूळ, पिठी ठरली. मी चहा ओतत होते. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं, "साखर किती?"

१३ ऑगस्ट
हे म्हणाले, "आता फरशी उचकटून घे."
राग आला. ह्यांचा नव्हे. दोन महिने मिस्त्रीशी भांडले. कोणाशी भांडायचं होतं?

१७ ऑगस्ट
कुसुमताईंकडे जाऊन सांगितलं. मोदक माझ्याकडे होणार नाहीत. ह्या वर्षी नाही, पुढेही नाही.
"का गं?"
"त्या दिवसांत लिहायचं असतं."
"मग लिही ना. आम्ही करतो, तू बस लिहीत."
"घरात दहाजणी आणि मी लिहीत बसू?"
"म्हणजे एवढ्यासाठी ती कपाटं?"
"हो."
"देवाचं काम आहे, बाई."
"माहीत आहे. वर्गणी देईन, आरतीला येईन. मोदक नाही."
"बायकांना काय सांगू मी?"
"हेच."
एरवी जिन्यापर्यंत पोचवायला येतात. आज नाही आल्या.

२४ ऑगस्ट
लेखाची साडेतीन पानं झाली. तेवढ्यात सुधा दारात, चेहरा पडलेला, हलक्या आवाजात. "कोण गेलं हो, काकू?"
"कोण गेलं?"
"कुसुमताईंनी सांगितलं तुम्हाला सुतक आहे. म्हणून मोदक आमच्या क्वार्टरमध्ये."
माझी लाज राखली ताईंनी. सुतक आलं की कोणी का विचारत नाही. दहा दिवस कोणी नावही घेणार नाही. लेख आरामात होईल.
सुधाला बसवलं. म्हटलं, "कोणी गेलेलं नाही. सगळे ठणठणीत आहेत. मी लिहितेय."
ती बसल्याजागी पुढे सरकली. "मग मी काय सांगू त्यांना?"
"तू नको. रविवारी बैठकीत मी सांगते."

२६ ऑगस्ट, रविवार
हे म्हणतात, "आयतं सुतक मिळालं होतं. काय वाईट होतं?"
पुढल्या वर्षी कोणाला मारायचं मग?
बैठक चारला, अध्यक्षस्थानी कुसुमताई. इथल्या बसचा भरवसा नाही. अडीचलाच निघते.